सुचत नाही? आधी हात चालू द्या: लेखन आणि रेखाटनाच्या सरावाचे पहिले चार आठवडे

कोरं पान समोर घेऊन बसलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर डोक्यात काहीच येत नाही, किंवा जे येतं ते कागदावर उतरायच्या आधीच "काहीतरीच काय" म्हणून बाद होतं. तक्रार सगळे पहिलीच करतात, पण बहुतेकांचं दुसरं होत असतं. सुचतं, आणि इतक्या झटपट खोडलं जातं की सुचल्याचंही कळत नाही.

जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर विचाराच्या दोन तऱ्हा वेगळ्या करून मांडल्या. एका प्रश्नाला जमतील तितकी उत्तरं काढत जाणारा तो अपसारी विचार, आणि त्यांतून नेमकं एक निवडणारा तो अभिसारी विचार. दोन्ही लागतात. दोन्ही एकाच मिनिटाला चालवायला गेलं की घोटाळा होतो. खालचे सराव म्हणजे आतल्या परीक्षकाला ठरावीक मिनिटं वर्गाबाहेर उभं करण्याच्या युक्त्या आहेत. त्याला कायमचा हाकलायचा नाही. नवव्या पायरीला तो परत लागणार आहे.

चित्रं काढता येत नाहीत म्हणून चित्रांचे सराव गाळू नका, आणि लिहायचा कंटाळा म्हणून लिखाणाचे. ज्यात आपण कच्चे असतो तिथे आपल्याला टीकासुद्धा धड करता येत नाही, त्यामुळे हात लवकर मोकळा होतो.

## १. साहित्य जमवा, पण बेतानं

- वही: ए-५ आकाराची, बिनरेघी, स्प्रिंगची. स्प्रिंगची वही टेबलावर सपाट पडते, पान धरून ठेवावं लागत नाही. कागद ८० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) पुरे. याहून पातळ कागदावर पेनाची अक्षरं पाठीमागे दिसतात.
- सुटे कागद: ए-४ आकाराचे पन्नासेक. एका बाजूला छापलेले असले तरी चालतील, उलट बरेच. टाकाऊ कागदावर हात घाबरत नाही.
- पेन्सिल: टू-बी किंवा फोर-बी. एचबीची रेघ फिकी उमटते, म्हणून नवखा माणूस दाबून काढतो आणि मनगट आखडतं. सिक्स-बी मऊ असते, पण समोरच्या पानाला काळं फासते.
- पेन: साधं बॉलपेन. शाई ओली राहत नाही, आणि खोडता येत नाही हा मोठाच फायदा. डावखुऱ्यांनी तर लिखाण पेनानंच करावं. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे पेन्सिलीनं लिहिलेल्यावरून हात घासत जातो.
- घड्याळ: वेळ लावता येईल असं कोणतंही. फोन वापरणार असाल तर एअरप्लेन मोडवर आणि पालथा.
- कागदी चिकटपट्टी: मास्किंग टेप. पाचव्या पायरीला कागद टेबलाला चिकटवायला हिच्याशिवाय भागत नाही.
- किरकोळ: जाड पुठ्ठ्याचा तुकडा, कात्री, थोडी शाई, एक फासा, चिठ्ठ्यांसाठी पाकीट.

खोडरबर आणू नका. घरात असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा. भारी स्केचबुकही नको. महागड्या पानावर माणूस जपून रेघ ओढतो, आणि इथे जपून काहीच करायचं नाही. टॅबलेटवर करायचं म्हणाल तर पहिले चार आठवडे तोही नको. त्यावरचं अनडूचं बटण म्हणजे बोटाच्या टोकावर बसलेलं खोडरबर.

## २. वेळ ठरवा

रोज २० मिनिटं: दोन हात मोकळा करायला, आठ लिखाणाला, आठ चित्राला, दोन पानावर तारीख घालून आवरायला. जिथे सरावाला जास्त वेळ लागतो तिथे तसं लिहिलं आहे; त्या दिवशी दुसरा भाग सोडून द्या.

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची २० मिनिटं जास्त उपयोगी पडतात. दोन तास राखून ठेवले की त्यातून काहीतरी चांगलं निघालंच पाहिजे असं दडपण येतं. २० मिनिटांकडून कुणी काही मागत नाही.

घड्याळ वाजलं की थांबायचं. रंगात आला असलात तरी थांबायचं, निदान पहिला आठवडा. अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी बसल्याबसल्या पुढे न्यायला सोपं जातं.

## ३. हात मोकळा करा (२ मिनिटं)

टाकाऊ ए-४ कागद घ्या. पेन्सिल टोकापासून पाच-सहा सेंटिमीटर मागे धरा. आधी खांद्यातून हात हलवत पानभर आडव्या समांतर रेघा, मग कोपरातून मोठे लंबगोल एकावर एक, आणि शेवटी मनगटातून बारीक वळणं. रेघ टेकवण्याआधी हात दोनदा हवेतच त्या वाटेनं फिरवून घ्या, मग एका दमात ओढा.

इथे एकच दोष हमखास दिसतो, तो केसाळ रेघेचा. एक सलग रेघ ओढण्याऐवजी आखूड आखूड दहा रेघा एकमेकींवर चढवल्या जातात. चुकण्याच्या भीतीनं हात असं करतो. रेघ वाकडी गेली तर तिच्या शेजारी दुसरी ओढा, तिच्यावर नको.

## ४. स्वैर लेखन (७ मिनिटं)

न थांबता, न खोडता, मनात येईल ते लिहीत जायचं, इतकंच. १९१९ मध्ये आंद्रे ब्रेताँ आणि फिलिप सूपो या फ्रेंच कवींनी अशाच स्वयंचलित लेखनाचा प्रयोग केला, आणि १९७० च्या दशकात पीटर एल्बो या अमेरिकन शिक्षकाने स्वैर लेखन वर्गात शिकवण्याजोगा सराव म्हणून रुजवलं. नियम ऐकायला सोपे आहेत. मोडतात मात्र पहिल्याच दिवशी.

1. वेळ लावा: सात मिनिटं. पहिल्या आठवड्यात पाच चालतील.
2. सुरुवातीला एक अर्धवट वाक्य घ्या. "आज मला असं वाटतं की" घेऊ नका, त्यातून निबंध निघतो. काहीतरी हातात धरता येईल असं घ्या: "खिशात सापडली ती…", "दार उघडंच होतं, कारण…", "तिसऱ्या पायरीवर कुणीतरी…"
3. हात थांबता कामा नये. काही सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहा: पायरी पायरी पायरी. चौथ्या-पाचव्या वेळेला कंटाळून मन स्वतःच पुढचा शब्द देतं.
4. शिरोरेघ देऊ नका. प्रत्येक शब्दावर रेघ मारायला हात मागे न्यावा लागतो, आणि मागे गेला की डोळाही मागचं वाचायला लागतो. आठवडाभरात बिनरेघेचं स्वतःचं अक्षर नीट वाचता येतं.
5. ऱ्हस्व-दीर्घ विसरा. मराठी लिहिणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. "दिशा" की "दीशा" असा विचार मनात आला की परीक्षक दार ढकलून आत आला समजा. चुकीचं लिहा आणि पुढे जा.
6. लिहिलेलं त्याच दिवशी वाचू नका.

सहावा नियम सगळ्यांत जड जातो. तीन दिवसांनी पान उघडा आणि ज्या एका ओळीवर नजर अडखळते तिच्याखाली रेघ मारा. ती चांगली असायला हवी असं काही नाही. विचित्र, खरी किंवा नुसती अनपेक्षित असली तरी पुरे. पुढच्या खेपेला तीच ओळ सुरुवातीला घ्या. अशा चार खेपा झाल्या की कुठल्या विषयाकडे हात सारखा वळतो ते दिसायला लागतं, आणि विषय शोधत बसण्याची कटकट संपते.

काय बिघडतं? तिसऱ्या मिनिटाला बहुतेकांची गाडी अडते, कारण तोवर वरवरचं सगळं सांगून झालेलं असतं. पुढचं मिनिट रेटायचंच. दुसरा धोका रडगाण्याचा: रोज तीच तक्रार, तोच साहेब, तीच शेजारीण. दोन दिवस चालू द्या. तिसऱ्या दिवशी तीच तक्रार त्या साहेबाच्या तोंडून लिहा.

## ५. कागदाकडे न बघता बाह्यरेषा (५ ते १० मिनिटं)

यादीतला एकच सराव करायचा असं कुणी ठरवलं, तर तो हा असावा. न्यूयॉर्कमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या किमॉन निकोलायडिस यांच्या शिकवण्यात याला मोठं स्थान होतं. त्यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ही पद्धत सर्वदूर गेली.

आपल्याला चित्र काढता येत नाही यात हाताचा दोष थोडाच असतो. आपण समोरचं बघतच नाही. डोळा म्हटलं की बदामाचा आकार, झाड म्हटलं की काठीवर ढग, बोट म्हटलं की लांबोळकं, अशी लहानपणी शिकलेली चिन्हं मनात तयार असतात आणि हात ती उतरवून मोकळा होतो. कागद दिसेनासा केला की चिन्ह नीट बसलं का हे तपासता येत नाही, आणि मग नाइलाजानं वस्तूकडे बघावं लागतं.

1. वस्तू निवडा: ज्या हातानं काढत नाही तो स्वतःचा हात, लेससकट बूट, चुरगाळलेला रुमाल किंवा किल्ल्यांचा जुडगा. चेंडू, पेला अशा गुळगुळीत वस्तू नकोत; त्यांच्या कडेवर डोळ्याला थांबायला जागाच नसते.
2. कागद टेबलाला चारी कोपऱ्यांत चिकटवा. न बघता काढताना तो सरकतोच, आणि सरकला की डोळे खाली जातात.
3. टेबलाकडे कूस करून बसा, म्हणजे काढणारा हात नजरेच्या मागे राहील. तरी मोह आवरत नसेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्याला भोक पाडून त्यातून पेन्सिल घाला; हात आणि रेघ दोन्ही पुठ्ठ्याखाली झाकले जातात.
4. वस्तूच्या कडेवर एक जागा पकडा. पेन्सिल कागदावर टेकवा. आपण कागदाला शिवलेलो नाही, त्या कडेलाच शिवलो आहोत, असं धरून चाला.
5. आता डोळे कडेवरून मुंगीच्या चालीनं न्या. डोळा जितका सरकेल तितकीच पेन्सिल सरकेल. सुरकुती आली की तिच्यात शिरा, टोकाला जा, त्याच वाटेनं परत या.
6. पेन्सिल उचलायची नाही. अगदीच अडलात तर एकदा कागद बघून नवी जागा पकडा आणि पुन्हा नजर वर.

हाताच्या चित्राला निदान पाच मिनिटं लागली पाहिजेत. मिनिटभरात झालं असेल तर तुम्ही आठवणीतला हात काढलात. बहुतेक वेळा डोळा बोटाच्या टोकाशी पोचलेला असतो आणि पेन्सिल अजून पेरावर असते, तेव्हा हे होतं. उपाय एकच: आणखी सावकाश.

निघालेलं चित्र हास्यास्पद असणार. बोटं तळव्याला भेटणार नाहीत, अंगठा पानाबाहेर जाईल. तुलना करूच नका. रेघेचा एखादाच तुकडा शोधा, जिथे ती खरोखर पेरासारखी थरथरली, दबली, वळली आहे. असा दोन सेंटिमीटरचा तुकडा सापडला तरी त्या दिवसाचं काम झालं. आठवड्यानं याच सरावाची सैल आवृत्ती घ्या, ज्यात दर दहा सेकंदांनी एकदा कागदावर नजर टाकायची मुभा असते.

याचं लिखाणातलं भावंडही आहे. तीच वस्तू समोर ठेवून आठ मिनिटं फक्त जे दिसतं ते लिहा: उपमा नाही, आठवण नाही, "सुंदर", "जुना", "छान" नाही. "बूट जुना आहे" असं लिहिलंत की स्वतःला विचारा, हे कशावरून कळलं? टाच बाहेरच्या बाजूनं झिजली आहे, तिसऱ्या भोकाची कडी निखळली आहे. हे लिहा.

## ६. उलटं चित्र आणि मोकळी जागा

हे दोन सराव थोडक्यात, कारण तत्त्व तेच आहे: वस्तूला नाव देता येऊ नये.

एखादं रेघांचं चित्र, शक्यतो बसलेल्या माणसाचं, उलटं धरून वरच्या कोपऱ्यापासून खाली तसंच्या तसं उतरवा. २५ ते ३० मिनिटं धरा. "हे नाक" असं म्हणायचं नाही. ही रेघ इथून इतकी वाकते, एवढंच. पूर्ण होईपर्यंत सुलटं करू नका. १९७९ मध्ये बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला-शिक्षिकेच्या पुस्तकामुळे हा सराव घरोघरी गेला. त्यासोबत आलेली, डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कल्पनेचा अशी सरधोपट विभागणी आज शास्त्रज्ञ तशी मानत नाहीत, पण सराव कामाचा आहेच.

मोकळ्या जागेसाठी खुर्ची घ्या. पुठ्ठ्यात ५ × ७ सेंटिमीटरची खिडकी कापा. ए-मालिकेच्या कागदाच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जवळपास तेवढंच असतं, म्हणून खिडकीत दिसणारी मांडणी कागदावर न ताणता बसते. एक डोळा मिटून खिडकीतून बघा आणि खुर्ची सोडून पायांमधल्या, दांड्यांमधल्या रिकाम्या जागांचे आकार तेवढे काढा. सगळ्या जागा भरल्यावर खुर्ची आपोआप उरते.

## ७. डागातून चित्र, चित्रातून मजकूर (२० मिनिटं)

भिंतीवरच्या डागांकडे बघत राहा, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना दिला होता. अठराव्या शतकात अलेक्झांडर कझन्स या इंग्रज चित्रकाराने त्याची रीतसर पद्धत केली: शाईचे डाग पाडायचे आणि त्यांतून निसर्गचित्र उभं करायचं.

कागदावर शाईचे पाच-सहा थेंब टाका, शेजारी एक-दोन थेंब पाण्याचे, आणि कागद तिरपा करून ओघळ वाहू द्या. मधोमध घडी घालू नका. घडीमुळे दोन्ही बाजू सारख्या होतात आणि मग फुलपाखरू नाहीतर राक्षसाचा चेहरा यांपलीकडे काही दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या.

वाळल्यावर कागद चारही दिशांनी फिरवा आणि प्रत्येक दिशेला काय काय दिसतं याच्या तीन-तीन नोंदी करा. बारा नोंदी होतात. त्यांतल्या पहिल्या तीन सरळ खोडा. त्या कुणालाही दिसल्या असत्या. उरलेल्या नऊपैकी एक घ्या आणि पेनानं फक्त आठ-दहा रेघांची भर घालून ती इतरांना दिसेल अशी करा. जास्त रेघा घातल्या तर डाग मरतो आणि उरतं ते नेहमीचंच चित्र. शेवटी त्या चित्रात या क्षणाच्या एक मिनिट आधी काय घडलं ते सहा ओळींत लिहा.

## ८. बंधनं घाला

"काहीही लिहा" म्हटलं की हात आखडतो. "क न वापरता लिहा" म्हटलं की चालायला लागतो. बंधन पाळण्यात परीक्षक गुंतून जातो, त्याला काहीतरी मोजायला मिळतं. १९६० मध्ये रेमाँ केनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी पॅरिसमध्ये याच ध्यासानं लेखक आणि गणितज्ञांचा ऊलिपो हा गट काढला. त्यातल्याच जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये एक अख्खी फ्रेंच कादंबरी "ई" हे अक्षर न वापरता लिहिली. आपल्याला साठ-शंभर शब्द पुरेत.

"आहे" बंद. शंभर शब्दांत आहे, आहेत, होता, होती, होते हे शब्द कुठेच नकोत. "खोली अंधारी आहे. खिडकी बंद आहे. कोपऱ्यात कपाट आहे." याचं असं काहीतरी होतं: "अंधार खोलीभर पसरतो. बंद खिडकीच्या फटीतून उजेडाची एक रेघ कपाटाच्या दारापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते." वस्तू नुसत्या असायच्या थांबून काहीतरी करायला लागतात. एक पळवाट मात्र बुजवा: "पसरलाय", "लावलीय" यांच्या पोटात "आहे" लपलेलं असतं. तेही चालणार नाही.

"क" बंद. साठ शब्द. ऐकायला सोपं वाटतं, पण करणे, काय, कारण, की, कोण, एक असे सगळे शब्द एका फटक्यात जातात. "पहाटे दार उघडलं. थंड वारा आत शिरला. टेबलावरची पानं जमिनीवर पसरली." असं जमतं. "क्ष" मध्ये क धरायचा की नाही हे आधीच ठरवून टाका, नाहीतर निम्मा वेळ स्वतःशी वाद घालण्यात जातो.

चित्रातली बंधनं. एकच सलग रेघ; फक्त सरळ रेघा; मोजून पंधरा फटकारे; किंवा नेहमीचा सोडून दुसरा हात. पंधरा फटकाऱ्यांत सायकल काढून बघा. काय गाळायचं हे इतकं लवकर दुसरं काही शिकवत नाही.

आवाजाची रेघ. हा सराव मराठीत फार खुलतो, कारण आपल्याकडे नादशब्दांची रेलचेल आहे. पानावर आठ चौकटी आखा आणि खाली लिहा: सळसळ, खडखड, टपटप, भणभण, कुजबुज, लुकलुक, चुळबुळ, चिडीचूप. प्रत्येक चौकटीत त्या शब्दाची नुसती रेघ काढा. सळसळला झाड काढलंत किंवा टपटपला नळ काढलात तर चौकट बाद. आवाज आणि आकार यांचं नातं माणसांना आतूनच जाणवतं. वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये "ताकेते" आणि "बालुबा" असे दोन निरर्थक शब्द आणि एक टोकदार, एक गोलसर आकृती देऊन हे तपासलं होतं. कुठला शब्द कुठल्या आकृतीचा हे तुम्हालाही लगेच सांगता येईल. आता शेजारच्या दोन चौकटी घ्या आणि एक आवाज दुसऱ्यात बदलतो असा प्रसंग आठ ओळींत लिहा: कुजबुज चालू असताना अचानक चिडीचूप. ते दोन्ही शब्द मात्र मजकुरात येऊ द्यायचे नाहीत.

तीस वर्तुळं. सुट्या कागदावर तीन सेंटिमीटर व्यासाची वर्तुळं आखा, पाचाच्या सहा ओळी. दहा मिनिटांत प्रत्येकाचं काहीतरी करा. टॉरन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६६ मधल्या सर्जनशीलतेच्या चाचण्यांतही वर्तुळांचा असाच भाग आहे. चेंडू, सूर्य, घड्याळ, चेहरा ही पहिली आठ-दहा सगळ्यांची सारखी येतात. संपल्यावर दोन आकडे लिहा: किती भरली, आणि ती किती प्रकारांत मोडतात. वीस वर्तुळांत वीस फळं निघाली तर पहिला आकडा मोठा दिसतो, पण दुसरा एकच. वाढवायचा आहे तो दुसरा. दोन वर्तुळं जोडून चष्मा केला तर चालतो का? नियमात कुठे मनाई आहे?

चिठ्ठ्या आणि फासा. माणसाचं काम, वस्तू, जागा अशा तीन याद्या तीन चिठ्ठ्यांवर करा, प्रत्येकीत सहा नोंदी. तीनदा फासा टाका: २१६ जोड्या होतात. नोंदी ठोस हव्यात. "एकटेपणा", "आशा" असले शब्द घातलेत की पहिल्याच वाक्याला प्रवचन सुरू होतं. "घड्याळजी, शिडी, पुलाखाली" असं निघालं तर चार चौकटींत, प्रत्येकी एक मिनिट, काडीच्या माणसांनी गोष्ट काढा. मग प्रत्येक चौकटीखाली एक ओळ, चित्रात जे दिसतं ते न सांगणारी. शिडी चढणारा माणूस काढलात तर खाली "तो शिडी चढतो" नको. "कालच त्यानं नाही म्हटलं होतं" चालेल.

## ९. परीक्षकाला आत बोलवा (दोन आठवड्यांनी, ४० मिनिटं)

चौदा दिवस झाल्यावर एक बैठक फक्त बघण्याची. त्या दिवशी नवं काही करू नका. सगळी पानं जमिनीवर मांडा. वहीत असतील तर सलग उलटा. तीन खुणा ठरवा: जिथे नजर थांबली तिथे टिंब, जे दोनदा-तीनदा आलं तिथे फुली, जे आठवतच नाही आपण केलं म्हणून तिथे गोल. गोल पडलेल्या पानांकडे नीट बघा. बरंचसं जिवंत काम तिथे निघतं, कारण तेव्हा परीक्षक खरंच बाहेर होता.

त्यातलं एकच पान पुढे न्या. मजकूर असेल तर आता शुद्धलेखन बघा, फालतू वाक्यं काढा, सुरुवातीची दोन वाक्यं झाकून तिसऱ्यापासून वाचून बघा. पुष्कळदा लिखाण खरं तिथूनच सुरू होतं. चित्र असेल तर तेच तीनदा पुन्हा काढा, दर खेपेला कमी रेघांत. पहिलं पान फाडू नका. तिसऱ्या खेपेला रेघ साफ होते, पण कधीकधी मेलेलीही असते, आणि ते पहिल्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

कुणाला दाखवायचं असेल तर प्रश्न नेमका विचारा. "कसं झालंय?" असं विचारलं की "छान" हेच उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. "कुठे वाचताना थांबलास?", "यातली कुठली वस्तू लक्षात राहिली?" असं विचारा. स्वैर लेखनाची पानं मात्र कुणालाच दाखवू नका. वाचणारा आहे म्हटलं की हात पुन्हा सावरून लिहायला लागतो.

## १०. चार आठवडे कसे वाटायचे

पहिला आठवडा: रोज स्वैर लेखन आणि न बघता बाह्यरेषा, दुसरं काही नाही. त्याच त्या सरावाचा चौथ्या दिवशी कंटाळा येतो. येऊ द्या, पाचव्या दिवशी रेघ बदललेली दिसते.

दुसरा: एक दिवस उलटं चित्र, एक दिवस मोकळी जागा, एक दिवस डाग, बाकी दिवस पहिल्यासारखेच. आठवड्याच्या शेवटी खुणांची बैठक.

तिसरा: फक्त बंधनं. रोज एक लिखाणाचं, एक चित्राचं.

चौथा: सलग तीन दिवस चिठ्ठ्या-फासा, आणि उरलेले दिवस बैठकीत निवडलेल्या पानाला.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. चाळीस मिनिटं बसायचंय म्हटलं की तोही दिवस चुकतो, आणि तिथून वही कपाटात जाते. दोनापेक्षा जास्त दिवस गेले असतील तर फक्त तिसरी पायरी करा, दोन मिनिटं रेघा, पानावर तारीख, आणि वही मिटा. वही सरावाच्या जागेवरच, उघडी आणि पेन आत घालून ठेवा. शोधावी लागली तर त्या दिवशी काही होत नाही.

चार आठवड्यांनी वही अर्धी भरलेली असेल. शेवटच्या पानावर पुन्हा एकदा स्वतःचाच हात, कागदाकडे न बघता, दहा मिनिटं लावून काढा आणि पहिल्या दिवसाचं पान शेजारी ठेवा. बोटं बहुधा आजही तळव्याला भेटलेली नसतील. पेरांवरच्या सुरकुत्या मोजा.